टिक काढायची राहिली

लग्नाला बावीस वर्षं झाली, पण घाईताईच्या घरातलं कपाट एका जागी सलग सहा महिने कधी उभं राहिलं नाही. दर दोन-तीन महिन्यांनी तिच्या अंगात यायचं. खाट खिडकीकडे, टेबल दाराकडे, कपाट या भिंतीवरून त्या भिंतीवर. नवरा गाडी शिकवण्याच्या शाळेत शिक्षक. दिवसभर दुसऱ्यांच्या चुकांवर ब्रेक दाबून दमलेला तो भला माणूस घरी यायचा, दिवा लावायला दोन पावलं पुढे व्हायचा आणि गुडघा आपटून घ्यायचा.

"आता इथे काय आलं?" एवढंच तो विचारायचा.

तिला सांगता यायचं नाही. तिथे जे काही आलं होतं ते उद्या तिथेच राहील याची तिला स्वतःलाही खात्री नसायची.

घाईताई हे अर्थातच तिचं पाठीमागचं नाव. रुग्णालयात तोंडावर सगळे ताई म्हणायचे आणि ती जिन्यावरून वळली की घाईताई. तिला ते चांगलं ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडायचंही. वडिलांची बदलीची नोकरी, त्यामुळे दहावीपर्यंत अकरा शाळा झालेल्या. मैत्रिणी सुटल्या म्हणून दुसऱ्या मुली रडतात, हिला सामान बांधायला काढलं की भूक लागायची. आणि अशा बाईच्या नशिबी नोकरी आली ती अठरा वर्षं एकाच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, एक्स-रेच्या वरच्या खोलीत. एक टेबल, दोन संगणक, एक पंखा आणि खिडकीतून दिसणारं पार्किंग. स्वतःला हलता येत नाही म्हटल्यावर तिने हाताशी होतं ते हलवायला घेतलं. हाताशी होती रुग्णालयाची वेबसाइट.

तशी त्या वेबसाइटवर पाहण्यासारखी मोठी गंमत नव्हती. केसपेपरची खिडकी किती वाजता उघडते, रक्त तपासायला उपाशीपोटी यायचं की जेवून, नातेवाइकांनी कधी भेटायचं, असलं सगळं. लोक पाहायचे ते एकच पान. कोणते डॉक्टर कोणत्या वारी, कोणत्या खोलीत. लांबून दोन बस बदलून येणाऱ्याला तेवढं कळलं की पुरे.

पण हे एक पान ज्या यंत्रणेतून तयार होतं तिच्यावर घाईताईचा जीव. नुसता मजकूर भरावा आणि पान आपोआप सजून बाहेर पडावं, अशी सोय करणाऱ्या या यंत्रणांना तिच्या धंद्यातले लोक सीएमएस म्हणतात. जगात अशा शेकड्याने आहेत, आणि दर वर्षी कोणीतरी नवा शहाणा उठून सांगतो की आजवरच्या सगळ्या चुकल्या होत्या. घाईताईला असा शहाणा भेटला की झालं, तिचा पंधरवडा त्यातच.

पहिली वेबसाइट तिने हातानेच लिहिली होती, एकेक पान. दुसऱ्या खेपेला स्वतःची यंत्रणा बनवली, चार महिने खपून, आणि बनवून झाल्यावर तिला त्यातले दोष दिसायला लागले. तिसरी फुकटातली, अर्ध्या जगात चालणारी. तिला हवं तसं ठिगळ लावता यायचं, म्हणून हिने सत्तेचाळीस ठिगळं लावली आणि एक दिवस ती चालायचीच थांबली. चौथी भारदस्त होती, कोणी काय बदलायचं याच्या परवानग्याच परवानग्या. साधा फोन नंबर दुरुस्त करायला तीन जणांची संमती लागायची. पाचवीत सगळं माउसने ओढायचं आणि सोडायचं. लहान मुलांच्या ठोकळ्यांचा खेळ नुसता, आणि पान उघडायला इतका वेळ की तेवढ्यात माणूस चहा पिऊन येईल. सहावी एकदम साधी, नुसत्या मजकुराच्या फायली, वर एक हिरवी पट्टी. मथळ्याच्या आधी जाळीचं चिन्ह, म्हणजे हॅश, टाकायचं, ठळक शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारे. ताई खूश. पण तारे टाकायचे होते काकूंना.

काकू म्हणजे रुग्णालयातली जुनी बाई. आधी केसपेपरच्या खिडकीत होत्या. रोज सकाळी साडेसातला दारापाशी काळ्या फळ्यावर, आज कोण डॉक्टर कुठे, हे खडूने लिहायचं काम त्यांचं होतं. अक्षर असं की चष्मा विसरलेल्या माणसालाही लांबून वाचता यावं. ताईने दुसऱ्या यंत्रणेच्या वेळी फळा काढायला लावला, त्या जागी टीव्हीचा पडदा आला, आणि मजकूर भरायला म्हणून काकूंना वर आणलं. तेव्हापासून त्या ताईच्या शेजारच्या संगणकावर. दर यंत्रणेला पहिल्यापासून शिकायचं. कधी कुरकुर नाही. फक्त एक जाडजूड वही होती त्यांच्याकडे, तीत त्या सगळं लिहून ठेवायच्या. 'डावीकडे निळं बटण. मग खाली यायचं. घाई करायची नाही, चाक फिरतं ते थांबू द्यायचं.' ताई ती वही बघून हसायची.

"काकू, पडद्यावर सगळं लिहिलेलं असतं हो."

"पडदा तुम्ही बदलता ना," काकू म्हणायच्या. "वही कोणी बदलत नाही."

आता या धंद्यातली एक बारीकशी खोच सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावरून झालं. नवी वेबसाइट आधी बाजूला महिना-दोन महिने तयार होत असते. अर्धवट पानं, खोटे फोन नंबर, कुठे नुसतीच 'इथे फोटो येईल' अशी पाटी. ती कोणी इंटरनेटवर नाव टाकून शोधताना सापडू नये म्हणून यंत्रणेत एक छोटासा चौकोन असतो. त्यात टिक केली की शोधणाऱ्यांना ती वेबसाइट दिसत नाही. काम पूर्ण झालं, उद्घाटन झालं, की ती टिक काढायची. बस. क्षणाचं काम. अठरा वर्षांत पाच वेळा ती टिक लागली आणि पाचही वेळा निघाली. वेबसाइट हलवणं हा ताईच्या डाव्या हातचा मळ, असं सगळ्यांचं मत, आणि सगळ्यात जास्त तिचं स्वतःचं.

सहावीला जेमतेम दोन वर्षं झाली आणि ताईचे तळपाय पुन्हा शिवशिवायला लागले. या वेळी हवा होती डोकं नसलेल्या यंत्रणांची. म्हणजे मजकूर एका कोठारात, आणि तो कसा दिसायचा हे ठरवणारं वरचं डोकं वेगळं. एकदा भरलेलं वेळापत्रक वेबसाइटवर जाईल, फोनवर जाईल, दारातल्या पडद्यावर जाईल. ताईने हे हातवारे करून काकूंना समजावलं.

काकूंनी ऐकून घेतलं. "डोकं नसलेली व्यवस्था," त्या म्हणाल्या, "ती आपल्याकडे आधीपासूनच आहे की. नवीन काय त्यात?"

ताई खो खो हसली आणि प्रस्ताव लिहायला बसली. नव्या यंत्रणेत आणखी एक सोय होती. प्रत्येक विभागाने आपापले वार निवडायचे, आणि मग त्यावरून नीटनेटकी वाक्यं यंत्रच लिहिणार. अधीक्षक साहेबांना प्रस्तावात नेहमी फायदे लागायचे, क्रमांक घालून. ताईने तीन लिहिले. तीन कमी वाटले. म्हणून तिने चौथा लिहिला: माहिती भरण्यासाठी स्वतंत्र कर्मचाऱ्याची गरज उरणार नाही. लिहिताना शेजारच्या खुर्चीवर काकू शेंगदाणे सोलत बसल्या होत्या आणि त्यातले अर्धे ताईच्या पुढ्यात सरकवत होत्या. हे वाक्य त्यांच्याविषयी आहे असं ताईच्या मनात आलंच नाही. तो चौथा फायदा होता, एवढंच.

प्रस्ताव मंजूर झाला तो त्याच वाक्यावर. काकूंना तळघरातल्या लिनन स्टोअरला पाठवलं, चादरी आणि उशांचे अभ्रे मोजायला. निवृत्तीला अडीच वर्षं उरलेली. ताईने साहेबांकडे जाऊन विचारलंही, दुसरीकडे कुठे नाही का सोय होणार? पण दारात उभी राहून विचारलं, आत जाऊन बसली नाही. नवी यंत्रणा पुढच्या बुधवारी सुरू व्हायची होती आणि हातात शंभर कामं होती.

त्या बुधवारी सकाळी काकू वर आल्या होत्या. स्टोअरचा निळा कोट अंगावर, हातात वही. ताई एकाच वेळी फोनवर बोलत होती, टाइप करत होती आणि पायाने वायर टेबलाखाली ढकलत होती.

"ताई, ते शेवटचं..."

"काकू, आता तुम्ही या कशाची काळजी करू नका," ताई फोनवर हात ठेवून म्हणाली. अगदी प्रेमाने म्हणाली. "सगळं होतं आता आपोआप."

काकू दोन मिनिटं उभ्या राहिल्या आणि खाली गेल्या.

सातवी सुरू झाली. नवा, छोटा, सुटसुटीत पत्ता. साहेबांनी बटण दाबलं, पेढ्यांऐवजी बिस्किटं वाटली गेली. जुन्या पत्त्यावरची सहावी आणखी दोन महिने तशीच ठेवायची ठरली, लोकांना सवय होईपर्यंत. तिच्यातला मजकूर बदलायचं काम मात्र कोणाच्याच वाट्याला आलं नाही. ते करणारी बाई तळघरात चादरी मोजत होती.

ताईला आठवडाभर आनंद पुरला. मग ती पुन्हा अस्वस्थ. वेबसाइट पाहणाऱ्यांचा आकडा खाली आला होता, आणि तोही थोडाथोडका नाही, चक्क तळाला. नवीन आहे, सवय होईल, असं तिने स्वतःला समजावलं. मोजायची पद्धत बदलली असेल. कदाचित यंत्रणेतच खोट असेल. आणि या विचारासरशी, लाज वाटावी अशी गोष्ट, तिला जरा हुरूप आला. तिसऱ्या आठवड्यात तिच्या पडद्यावर आठव्या यंत्रणेची माहिती उघडी होती. घरी तिने कपाट पुन्हा हलवलं. नवऱ्याने या वेळी आधी दिवा लावला आणि मग पाऊल टाकलं.

"तुला काय टोचतंय?" त्याने विचारलं.

"काही नाही. काहीतरी राहिलंय असं वाटतंय."

"मग एकदा स्वस्थ बसून आठव ना."

"बसले की आणखी सुचत नाही," ती म्हणाली आणि टेबलाचं दुसरं टोक उचललं.

तोवर खाली तक्रारी सुरू झाल्या होत्या. माणसं भलत्याच वारी यायची. हाडांच्या डॉक्टरांना भेटायला सोमवारी, ते बसणार शुक्रवारी. डोळ्यांच्या डॉक्टरांचा वार पहिल्या तारखेपासून मंगळवारचा गुरुवार झाला होता, तरी मंगळवारी बाकावर सात-आठ जण डोळे मिचकावत बसलेले. केसपेपरच्या खिडकीतली मुलगी सगळ्यांना "आज नाहीत" एवढं सांगून मोकळी. साहेबांनी ताईला बोलावलं.

"मॅडम, नव्या यंत्रणेत तर सगळं बरोबर दिसतंय. मी स्वतः उघडून पाहिलं."

"बरोबरच आहे, साहेब."

"मग हे जुनं वेळापत्रक येतं कुठून? मला वाटतं, तुमच्या काकूंनी जाताना काहीतरी गोंधळ करून ठेवलाय. रागात होत्या का त्या?"

ताईने 'नाही' म्हणायला हवं होतं. काकू रागावलेल्या तिने सोळा वर्षांत पाहिल्या नव्हत्या. पण खरोखरच कुठून येतं हे तिला माहीत नव्हतं, आणि ते माहीत नाही असं कबूल करणं तिच्या जिवावर आलं. ती गप्प बसली. साहेबांनी तो होकार समजून काकूंच्या नावाने पत्र काढलं. मंगळवारी दुपारी चार वाजता हजर राहून लेखी खुलासा द्यावा. असल्या खुलाशांची नोंद सेवापुस्तकात होते आणि निवृत्तीच्या वेळी तीच पुढे येते, हे दोघांनाही माहीत होतं.

त्या मंगळवारी ताईला खोलीत बसवेना. अकराच्या सुमाराला ती उगाचच खाली आली. डोळ्यांच्या विभागासमोर बाकावर एक म्हातारं जोडपं बसलं होतं. आजोबांची मान एका बाजूला कललेली. तसं केल्याशिवाय त्यांना समोरचं दिसत नसावं. आजी त्यांच्या कोपराला धरून होत्या.

"डॉक्टर आज नाहीत, आजी," ताई म्हणाली. "गुरुवारी असतात."

"मागच्या मंगळवारीही नव्हते," आजी म्हणाल्या. "आम्हाला वाटलं, रजेवर असतील. म्हणून आज परत आलो. दोन बस करून येतो हो आम्ही. यांच्या डोळ्यांत घालायचं औषध संपून तेरा दिवस झाले. दुकानदार म्हणतो, नवीन चिठ्ठी आणा."

"पण मंगळवार कोणी सांगितला तुम्हाला?"

"कोणी म्हणजे? तुमचं हेच सांगतं की." आजींनी पिशवीतून फोन काढला. "आमच्या नातीने शिकवलंय. रुग्णालयाचं नाव बोलायचं, की येतं."

फोनवर पान उघडं होतं. वर हिरवी पट्टी होती.

ताई त्या पट्टीकडे पाहत राहिली. ही सहावी. आणि शोधल्यावर सहावी वर येते याचा अर्थ सातवी येतच नाही. कुठेच नाही. आकडा तळाला गेला होता तो यासाठी.

"आजी, गुरुवारी सकाळी या. मी स्वतः इथे असेन," असं काहीतरी ती बोलली. मग एकदम परत फिरली. "नको. चला माझ्याबरोबर." तिने आत जाऊन शिकाऊ डॉक्टरांना उठवलं, जुना कागद दाखवून औषधाची चिठ्ठी लिहून घेतली आणि ती आजींच्या हातात दिली. मग जिने चढताना दोन-दोन पायऱ्या घेतल्या.

सेटिंग उघडायला तिला अर्धं मिनिटही लागलं नाही. चौकोन होता. त्यात टिक होती. वीस दिवसांपूर्वी काढायची राहिलेली.

तिने टिक काढली. जुन्या पत्त्यावर येणारा माणूस आपोआप नव्यावर जाईल अशी व्यवस्था केली. सगळं मिळून दहा मिनिटं. मग ती खुर्चीत टेकली, उठली, खिडकीपाशी गेली, परत आली. आता कोणाला काही कळणार नव्हतं. साहेबांना टिक म्हणजे काय ते ठाऊक नाही. उद्या-परवापासून लोकांना बरोबर वार दिसतील, तक्रारी थांबतील, आणि काकूंनी चूक केली होती, ती ताईंनी सुधारली, असं सगळे धरून चालतील. कोणाला खोटं सांगायचीही गरज नव्हती. आजवर गप्प बसली होती तशीच पुढेही बसली की झालं.

तिला स्वतःची किळस आली. तरीही ती पाऊण तास फेऱ्या घालत राहिली, हे इथे लिहिलं पाहिजे. एकदा तर तिने टेबलही खिडकीकडे ओढलं. त्याने काही फरक पडला नाही. शेवटी ती तळघरात गेली.

लिनन स्टोअरमध्ये साबणाचा आणि गरम इस्त्रीचा वास होता. भिंतभर चादरींच्या घड्या, कडा अगदी एका रेषेत. काकू स्टुलावर बसून पत्र वाचत होत्या. शेजारी कोरा कागद, पेन आणि ती वही.

"काकू, तो खुलासा लिहू नका."

"का हो? चारला जायचंय मला."

"चूक माझी आहे. टिक काढायची राहिली माझ्याकडून. वीस दिवस." ती एका दमात बोलली. "आणि साहेबांनी तुमचं नाव घेतलं तेव्हा मी गप्प बसले. तेही माझंच."

काकूंनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाल्या, "टिकेचं मला कळलंच होतं. पहिल्याच आठवड्यात. माझ्या भाच्याने घरी शोधून पाहिलं, तर आपली हिरवी पट्टी वर आली."

"मग सांगितलं का नाहीत?"

"टिक काढायची आठवण करायला आले होते ना त्या बुधवारी. तुम्ही म्हणालात, काळजी करू नका." त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "मग मला वाटलं, जाऊ दे, आता आपलं काम नाही ते. तेवढं माझंही चुकलं. मला राग आला होता."

त्यांनी वही ताईच्या हातात दिली. "ही न्यायला काढली होती साहेबांना दाखवायला. पण मन होईना. तुम्हीच बघा."

ताईने ती वही सोळा वर्षांत कधी उघडून वाचली नव्हती. आत दर यंत्रणेचा वेगळा भाग, त्याच गोल, टपोऱ्या अक्षरात. दुसऱ्या यंत्रणेच्या शेवटी लिहिलं होतं: 'उद्घाटन झालं की टिक काढणे. ताई विसरल्या. मी काढली.' तिसरीच्या शेवटी: 'टिक काढणे. ताई या वेळीही विसरल्या. मी काढली. सांगितलं नाही.' चौथी, पाचवी, सहावी. प्रत्येक भागाच्या तळाशी तेच. सहावीपुढे एक ओळ जास्त होती. 'सांगायचं नाही. सगळ्यांसमोर वेबसाइट हलवल्याचं किती कौतुक होतं त्यांचं, चेहरा बघत राहावा इतका खुलतो.'

पुढच्या पानावर 'सातवी' एवढाच मथळा, खाली रेघ, आणि त्याखाली: 'या वेळी मला आत जाता येत नाही.'

ताई चादरींच्या गठ्ठ्यावर बसली आणि रडली. पाच वेळा. डाव्या हातचा मळ म्हणून ती ज्याची फुशारकी मारत आली, ते पाचही वेळा शेजारच्या खुर्चीवरून कोणीतरी निस्तरलं होतं. आणि त्या खुर्चीची गरज उरणार नाही, असं तिनेच लिहून दिलं होतं. काकूंनी तिला रडू दिलं. फक्त ती बसली होती त्या धुतलेल्या चादरी हळूच तिच्याखालून काढून घेतल्या आणि स्टूल पुढे केलं.

चार वाजता साहेबांसमोर ताई एकटी गेली. सगळं सांगितलं. साहेबांना पहिल्यांदा कळलंच नाही.

"एवढं सगळं एका टिकेमुळे?"

"हो. आणि ती माझ्यामुळे."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "ठीक आहे, मॅडम. आपण तांत्रिक कारण लिहू. कोणाचं नाव नको."

"माझं लिहा. काकूंच्या पत्रात त्यांचं होतंच की." तिने खुलासा लिहूनच आणला होता, तो टेबलावर ठेवला. "आणि काकूंना परत वर आणा. वेळापत्रक प्रसिद्ध होण्याआधी एका माणसाने ते वाचायला हवं. मला एकटीला जमत नाही."

साहेब वाईट नव्हते. त्यांनी काकूंचं पत्र तिच्यासमोर फाडलं. मग फाइल उघडली, एक कागद तिच्याकडे फिरवला आणि चौथ्या क्रमांकावर बोट ठेवलं. "हे पद रद्द झालंय. तुमच्याच प्रस्तावावरून. आता ते परत मागायचं तर वरच्यांना काय सांगू? मॅडमचं मत बदललं?"

तिला तोंड वर करता येईना. "हेच सांगा," ती म्हणाली. "खरंच तेच झालंय." साहेबांनी मान हलवली, पण ती होकाराची नव्हती.

तिला लेखी ताकीद मिळाली. काकू तळघरातच राहिल्या. ताईने त्यांना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "राहू द्या हो. इथे घातलेली घडी दुसऱ्या दिवशीही तशीच असते." मग एक घडी सारखी करत, "रोज साडेसातला मी चहा घेते. वेळापत्रक तेव्हा आणत जा. नजर टाकेन. आणि ते सातवीचं पान तेवढं तुम्ही भरा."

ताईने तिथेच उभ्या उभ्या लिहिलं: 'टिक काढली. वीस दिवस उशिरा. मी विसरले होते.' काकूंच्या अक्षराखाली तिचं घाईतलं अक्षर फारच वाकडं दिसत होतं.

गुरुवारी आजी-आजोबा आले. ताई त्यांच्याबरोबर आत गेली. डॉक्टरांनी आजोबांची हनुवटी यंत्रावर टेकवली, बराच वेळ पाहिलं, डोळ्यांचा दाब मोजला, पुन्हा मोजला.

"पंधरा दिवस औषध नव्हतं?"

"तेरा," आजी म्हणाल्या, जणू त्याने काही फरक पडेल.

"औषध आता सुटू देऊ नका. नजर किती कमी झालीय ते पुढच्या तपासणीत कळेल. पण एकदा गेलेली नजर परत येत नाही."

बाहेर आल्यावर तिघं बाकावर बसली. ताई कोण, कशासाठी आली, हे आजींनी विचारलं नव्हतं. ताईने स्वतःहून सांगितलं. ती वेबसाइट माझ्या हातातली आहे, त्यावर चुकीचा वार दिसला तो माझ्या चुकीने. आजी नुसत्या पाहत राहिल्या. खिडकीतल्या मुलीने कोणाचं तरी नाव पुकारलं. ताईला उठून पळून जावंसं वाटत होतं. ती उठली नाही.

आजोबाच बोलले. "पुढच्या वेळी कधी यायचंय?"

आजींनी फोन काढला, रुग्णालयाचं नाव बोलल्या आणि पडदा दोघांच्या मध्ये धरला. हिरवी पट्टी नव्हती. आजोबांनी मान एका बाजूला कलवली, फोन जवळ घेतला, लांब नेला, आणि मग तो ताईच्या हातात दिला.

"तुम्ही वाचा बाई," ते म्हणाले. "मला आता एवढं बारीक दिसत नाही."

ताईने पानावरचं एकेक अक्षर नीट पाहिलं आणि मग वाचलं, "गुरुवार."